भाड्याच्या घरातली ओल कुणाची?

प्रश्न थोडक्यात असा होता: जूनच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहायला जातोय. घरमालक पुण्यात असतात. मागच्या घरी भिंतींना ओल आली, तर सोडताना रंगाचे पैसे आमच्या डिपॉझिटमधून कापले. या वेळी काय तपासून घ्यावं, पुढे काय काय बिघडतं आणि खर्च कुणी करायचा?

ताई, दुसऱ्या मजल्याच्या वर आणखी एक फ्लॅट आहे की थेट गच्ची, हे तुम्ही लिहिलं नाही. निम्मं उत्तर त्यावर ठरतं. म्हणून दोन्ही धरून लिहितो.

मी कोल्हापुरात २२ वर्षं घरदुरुस्तीची कामं घेतोय. पेठेतल्या मातीच्या भिंतींच्या घरांपासून आर. के. नगरच्या नव्या अपार्टमेंटपर्यंत सगळं हाताखालून गेलंय आणि त्यात भाड्याची घरं बरीच. स्वतः मालक राहतो त्या घरात आणि भाड्याच्या घरात बिघाड तेच होतात. फरक एवढाच, की भाड्याच्या घरात ते कळल्यापासून सांगितल्यापर्यंत सहा महिने जातात. भाडेकरूला वाटतं, सांगितलं तर आपल्याच गळ्यात पडेल. मालकाला वाटतं, फोन आला म्हणजे खर्च आला. मधल्या काळात पाणी आपलं काम करत राहतं.

आमच्याकडचा एक किस्सा सांगतो. किचनच्या सिंकखाली बॉटल ट्रॅपची, म्हणजे पाणी जायच्या पाइपातल्या बाटलीसारख्या भांड्याची, वायसर गेलेली. थेंब थेंब पाणी. भाडेकरूने खाली डबा ठेवला आणि रोज रात्री तो ओतायचा. आठ महिने! एक दिवस गावाला गेले, डबा भरून वाहिला, खालच्या कपाटाचं प्लायवूड फुगलं, त्याला वाळवी लागली आणि खालच्या फ्लॅटच्या पीओपीला नकाशा उमटला. वायसर शंभर रुपयांच्या आतली. मी गेलो तेव्हा तीन घरांची माणसं जिन्यात भांडत होती, आणि प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबर होतं.

आता ओलीबद्दल, कारण तुमचे पैसे तिनेच खाल्लेत. ओल कुठली हे दोन गोष्टींवरून कळतं: ती भिंतीवर कुठे आहे आणि वर्षात केव्हा वाढते.

पावसात वाढते आणि दिवाळीनंतर सुकते, ती बाहेरून येणारी. बारा महिने तशीच असते, ती पाइपची नाहीतर बाथरूमची. छताला पिवळी कडा असलेला गोल डाग म्हणजे वर गच्ची किंवा वरच्यांचं बाथरूम. खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत पोपडे म्हणजे चौकट आणि भिंत यांच्यामधली फट, किंवा ग्रिलचे बोल्ट जिथे भिंतीत शिरतात ती भोकं. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून वाऱ्यासकट येतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती जुलैत अक्षरशः चोपून निघतात. तुमच्या बेडरूमची बाहेरची भिंत कुठल्या दिशेला आहे ते आधी बघा. जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत पट्टा, त्यावर पांढरी पावडर, म्हणजे लोणा, ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेला क्षार. दुसऱ्या मजल्यावर असा पट्टा दिसला तर भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे का बघा, बहुतेक असतंच.

आणि चौथी एक ओल आहे, जिला कुणी ओल मानत नाही. कपाटामागे, पलंगाच्या डोक्याशी, वरच्या कोपऱ्यात काळे ठिपके. ही बाहेरून आलेली नसतेच. पावसाळ्यात खोलीत दोऱ्या बांधून कपडे वाळवायचे, खिडक्या बंद, स्वयंपाकाची वाफ आत. ती वाफ गार भिंतीवर बसते आणि बुरशी धरते. ओळखायची युक्ती सोपी आहे. हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. थेंब कागदाच्या खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतली वाफ, भिंतीकडच्या बाजूला आले तर भिंतीतलं पाणी. वाद घालण्याआधी हे करून फोटो काढा. पहिल्या प्रकाराला तुम्ही जबाबदार आहात, दुसऱ्याला मालक.

माझीच एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात कळंब्याच्या बाजूला एका बंगल्यात उत्तरेच्या भिंतीला काळं आलं म्हणून मी मालकाला गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायला लावलं. चांगला खर्च झाला. पुढच्या पावसात काळं तसंच. कपाट चार बोटं पुढे ओढलं आणि एक्झॉस्ट फॅन बसवला तेव्हा ते गेलं. त्या मालकांनी नंतर मला काम दिलं नाही, आणि बरोबरच केलं.

वर गच्ची असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आधी स्वतः वर जा. मालकाने ‘दोन वर्षांपूर्वी केमिकल मारलंय’ म्हटलं तरी जा. कोब्यावर पाणी कुठे साचतं त्याचे काळपट डाग दिसतात. पाणी जायच्या पाइपाच्या तोंडात पानं, पतंगाचा कागद, कबुतराचं घरटं, कधी कधी क्रिकेटचा चेंडू असतो. गच्ची गळण्याची मी पाहिलेली निम्मी प्रकरणं या तोंडाशी संपतात: पाइप तुंबतो, चार-पाच इंच पाणी दिवसभर उभं राहतं आणि एरवी कधी न गळणारी बारीक फट गळायला लागते. कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात त्या कोपऱ्यात गोलाई दिलेली असावी. तिथे काटकोन असेल आणि त्यात चीर असेल, तर पाणी तिथूनच आत जातं. डिशचे पाय, सोलरचे स्टँड ठोकलेत का तेही बघा. आणि एक: ओल्या स्लॅबवर कोटिंग मारायचं नाही. जुलैत घाईने मारलेलं केमिकल एप्रिलच्या उन्हात फुगे येऊन सुटतं, कारण खाली कोंडलेली वाफ त्याला उचलते. हे काम मार्च ते मे. पावसात फक्त ताडपत्री आणि धीर.

वर दुसऱ्यांचा फ्लॅट असेल तर तुमच्या बाथरूमच्या छताकडे बघा. आणि तुमच्या बाथरूमचं पाणी खाली जात नाही ना, हेही राहायला जायच्या आधीच ठरवून टाका. नहाणी ट्रॅपचं, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या जाळीखालचं, तोंड कापडाने बंद करा, फरशीवर इंचभर पाणी भरा, २४ तास ठेवा आणि खालच्यांना त्यांचं छत बघायला सांगा. नाव-गाव सांगून विचारलंत तर कुणी नाही म्हणत नाही, वर चहाही मिळतो. गळती असेल तर ती तुम्ही यायच्या आधीची, एवढं तरी नक्की झालं. टाइल्सच्या सांध्यांत पांढरं सिमेंट असेल तर ते दोन-चार वर्षांत झिजतं. मालकाला सांगून इपॉक्सी ग्राउट, म्हणजे पाणी न शोषणारा सांधे भरायचा मसाला, भरून घ्या. पाणी मुरायची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच असते, आणि सगळं बाथरूम फोडण्यापेक्षा हे काम कितीतरी स्वस्त.

फक्त एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर मला संशय येतो. चारही भिंतींना असेल तर संशय नाही. रिकाम्या बंद घरात शिरताच पहिला श्वास घ्या, कुबट वास पहिल्या मिनिटातच कळतो, नंतर नाक सरावतं.

पेठांतल्या जुन्या घरांचं वेगळं आहे, पण इतर वाचतील म्हणून दोन ओळी. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर कुणी वरून सिमेंटचा गिलावा केला असेल तर आतली ओल बाहेर पडत नाही, ती वर चढते. अशा भिंतीला ऑइल पेंट लावला की झालंच. तिथे चुन्याचाच गिलावा आणि चुनाच बरा. कौलं असतील तर मे महिन्यात माणूस चढवून फुटकी बदला आणि पन्हळ साफ करा. बाकी ती घरं आपल्या स्लॅबच्या घरांपेक्षा गार असतात.

पाण्याचं. घरात शिरल्यावर पहिलं काम म्हणजे मेन व्हॉल्व्ह शोधणं आणि तो फिरतो का बघणं. वर्षानुवर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह गरजेच्या वेळी हातात येतो. मग फ्लशच्या टाकीत कपड्याची नीळ चार थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात निळं उतरलं तर आतलं रबर गेलंय आणि टाकी रात्रंदिवस गळतेय. याचा आवाज येत नाही, डाग पडत नाही, फक्त गच्चीतली टाकी रोज लवकर संपते आणि अख्खी बिल्डिंग तुमच्याकडे बघते. गच्चीतल्या टाकीचा बॉल कॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा) अडकला तर उलटं होतं, टाकी वाहते आणि ते पाणी कठड्यावरून कुणाच्या तरी भिंतीत उतरतं. अपार्टमेंटला बोअर असेल तर नळांवर पांढरी पुटं धरणार. तोंडाची जाळी दोन महिन्यांनी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये टाका. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ झालं की तीच जाळी मातीने भरते आणि लोक समजतात प्रेशर गेलं, प्लंबर बोलावतात.

बोअरचं पाणी गिझरलाही खातं. आतल्या कॉइलवर खडूसारखा थर बसतो, पाणी तापायला वेळ लागतो, बिल वाढतं, मग एक दिवस कॉइल जळते. दोन वर्षांतून एकदा उघडून साफ करून घ्या. गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून कुणी बूच मारलेलं आढळलं तर गिझर लावूच नका, आधी तो बदला. वाढलेलं प्रेशर तिथूनच बाहेर पडायचं असतं.

गॅस गिझर असेल तर ही गंमत नाही, नीट वाचा. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालवू नये. आतला ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पाय गळतात आणि दाराची कडी काढायचं भान राहत नाही. गिझर बाहेर बाल्कनीत किंवा हवेशीर जागी बसवून फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणायचा. मालक ‘दहा वर्षं असंच आहे’ म्हणाले तरी ऐकू नका. ज्योत निळीच्या ऐवजी पिवळी दिसली तर त्याच दिवशी बंद करून माणूस बोलवा. हलवून मिळेपर्यंत आधी बादली भरा, गिझर बंद करा, दार-खिडकी उघडून हवा खेळू द्या आणि मगच अंघोळ. शेगडीच्या सिलिंडरची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर तारीख छापलेली असते. मागच्या भाडेकरूची नळी वापरू नका, एवढा खर्च स्वतः करा.

विजेचं थोडक्यात. बोर्डात आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, आहे का बघा. त्यावर ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण असतं. दाबलं की वीज जायला हवी. गेली नाही तर ते नुसतं शोभेचं आहे. घरासाठी ३० मिलिअँपिअरचं लागतं, आणि नसेल तर मालकाकडे पहिली मागणी ही करा, रंगाची नंतर. दोन हजार वॅटचा गिझर साधारण पावणेनऊ अँपिअर ओढतो. तो १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवरच, अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेवर हवा. छोट्या सॉकेटला जोडलेला दिसला आणि सॉकेट पिवळं पडलेलं असेल तर तिथे आग लागायची तयारी चालू आहे. नळाला हात लावताना मुंग्या आल्या तर अर्थिंग गेलंय. वापर थांबवा, इलेक्ट्रिशियन बोलवा, स्वतः टेस्टर घेऊन प्रयोग नकोत. आणि पहिल्याच दिवशी सगळं बंद करून, फ्रिजचा प्लगही काढून, महावितरणच्या मीटरवरचा लाल दिवा बघा. तरी लुकलुकत असेल तर कुठेतरी वीज गळतेय, किंवा जिन्यातला दिवा तुमच्या मीटरवर आहे. दुसरं मी जास्त वेळा पाहिलंय.

ड्रेनेज तुंबण्यावर एकच सांगतो. रविवारच्या रश्श्याचं पातेलं थेट सिंकमध्ये ओतू नका. मटणाची चरबी गरम असताना पाण्यासारखी वाहते, पाइपात गार झाली की मेणासारखी बसते आणि तिला भाताची शितं चिकटतात. पातेल्यातला कट, म्हणजे वरचा तेलकट तवंग, आधी कागदाने पुसून कचऱ्यात, मग घासणं. सोमवारी सकाळी माझा फोन का वाजतो याचं गुपित एवढंच आहे. तुंबलं तर अॅसिड नको, ते सांधे आणि चकचकीत फिटिंग खातं. खालचा बॉटल ट्रॅप हाताने फिरवून उघडतो, खाली बादली ठेवून साफ करा.

राजारामपुरीला नदीच्या पुराची धास्ती तशी नाही. पण शाहूपुरी, दुधाळी, बापट कॅम्प, नागाळा पार्कच्या खालच्या बाजूला कुणी तळमजला बघत असेल तर मालकाला नाही, समोरच्या दुकानदाराला विचारा: २०१९ ला आणि २०२१ ला पाणी कुठपर्यंत होतं? भिंतीवर हात ठेवून दाखवतात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे इथे पोरांनाही पाठ असतं. पण नदी दारात यायच्या आधी ड्रेनेजचं पाणी उलटं येतं, संडासातून आणि नहाणीतून. तिथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, आहे का आणि मीटर, सॉकेट किती उंचीवर आहेत, हे बघायचं. पूर येऊन गेलेल्या भिंती सुकायला महिने लागतात. त्याआधी दिलेला रंग सुटणारच, आणि तो भाडेकरूने खराब केलेला नसतो.

आता पैसे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोग्या स्थितीत ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू स्वतः करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाला त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. ऐकायला छान आहे. पण तुमचा करार बहुतेक ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असणार, आणि त्यात कायद्याच्या भाषेत तुम्ही ‘भाडेकरू’ नसून परवानाधारक असता. मग हे कलम डोळे झाकून आपल्याला लागू आहे असं धरून भाडं कापू नका. दुरुस्तीचं करारातच लिहून घ्या, तेच खरं हत्यार. करार नोंदवलेला हवाच. कलम ५५ ने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि नोंदवला नसेल तर अटींबद्दल तुम्ही सांगाल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं.

करारात मी ओळखीच्यांना तीन वाक्यं घालायला लावतो. एक: स्लॅब, भिंतीतले पाइप, भिंतीतलं वायरिंग, बाहेरून येणारी ओल ही मालकाची, नळाची वायसर, बल्ब, जाळ्या, तुंबलेलं सिंक हे राहणाऱ्याचं. दोन: हजार-दीड हजारापर्यंतची तातडीची दुरुस्ती राहणाऱ्याने करून बिल पाठवायचं आणि पुढच्या भाड्यातून वळतं करायचं. मालक पुण्यात असताना हे नसेल तर प्रत्येक वायसरसाठी तुम्ही पंधरा दिवस फोन करत बसाल. तीन: रोजच्या वापरातली झीज आणि रंग फिका पडणं डिपॉझिटमधून कापायचं नाही.

तिसरं वाक्य मालक काढायला सांगतील. मग वर्षांचा हिशोब मांडा: रंग किती वर्षांपूर्वीचा, तुम्ही किती महिने राहणार. हल्ली बरेच जण ऐकतात.

सामान उतरायच्या आधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ करा, कपाटांच्या आतल्या बाजूसकट, नळ चालू करून, फ्लश ओढून. त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा आणि ‘मिळाला’ एवढं उत्तर मागा. पुढे ओलीचा डाग दिसला तर त्याच संध्याकाळी फोटो, तारखेसकट. डाग पेन्सिलने घेरून शेजारी तारीख लिहिलीत तर आठवड्याने तो वाढला की नाही हे कुणाला सांगावं लागत नाही. तुमच्या मागच्या घरी हा एक फोटो जुलैत गेला असता, तर रंगाचे पैसे कोणाचे हा वाद मार्चमध्ये झालाच नसता. आणि मालकांनी तेव्हा काहीच केलं नसतं, तरी तुम्ही सांगितलं होतं हे राहिलं असतं.

वर गच्ची निघाली तर पहिल्या मोठ्या पावसानंतर तासाभराने वर जाऊन पाणी कुठे उभं आहे त्याचे दोन फोटो काढून ठेवा आणि मला दाखवा. पाइपाचं तोंड फोटोत येऊ द्या.